फांदी कावळ्यानेच मोडली

घोडा चंदी संपवतो, गवत ओढून खातो, आणि तरी दिवसेंदिवस वाळत जातो. ताप चढतो, दोन-चार दिवसांत उतरतो, मोतद्दार हुश्श करतो, आणि काही दिवसांनी ताप पुन्हा हजर. पापणी उलटून पाहावी तर आतली त्वचा फिकट पडलेली, तिच्यावर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. पुढे पायांना सूज येते, पोटाखाली पाणी उतरतं, आणि अखेरीस मागचा भाग असा झुलायला लागतो की वळताना जनावर आपल्याच पायांत अडखळतं. हा सर्रा. उपचार झाला नाही तर घोडा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जातो. उंट चिवट, तो दोन-दोन, तीन-तीन वर्षं झिजत राहतो, म्हणून राजस्थानाकडे उंटाच्या सर्राला तिबरसा म्हणतात.

या रोगाचं कारण ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये शोधलं, हे पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. त्यात त्याचा दोष नाही; ओळच कोरडी आहे. पण तिच्यामागचं काम चांगल्या कवितेसारखं थांबत थांबत वाचण्याजोगं आहे. रक्तातला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं हा त्याचा केवळ आरंभ. जे दिसलं तेच रोगाचं कारण, हे ज्यांना ऐकूनही घ्यायचं नाही त्यांच्यापुढे ते कसं मांडायचं, आणि कितपत सिद्ध झालं म्हणजे आपण थांबायचं, खरा रस आहे तो इथे.

आधी माणूस. इव्हान्स वेल्समधले, जन्म १८३५चा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून १८५५ मध्ये पशुवैद्य झाले, १८६० मध्ये तोफखान्याच्या घोड्यांचे डॉक्टर म्हणून लष्करात गेले आणि तिथून कॅनडात माँट्रियलला जाऊन पोचले. नोकरी सांभाळून मॅकगिल विद्यापीठात माणसांचं वैद्यक शिकले, १८६४ मध्ये तीही पदवी घेतली. त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध बघायला उत्तरेच्या सैन्यात जाऊन आले आणि अब्राहम लिंकन यांना भेटले. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या कुणालाही लिंकनची भेट सोडवत नाही. मला मॅकगिलची पदवी जास्त मोलाची वाटते. घोड्यांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर एकाच अंगरख्यात असणं त्या काळी विरळा. शिवाय लष्करात पशुवैद्याचा मान बेताचा. रोगाच्या मुळाशी काय आहे यावर बोलायचा हक्क माणसांच्या डॉक्टरांचा, अशी सर्वसाधारण समजूत. इव्हान्स यांना या दुसऱ्या मंडळींची भाषा येत होती, त्यांच्याच परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते. पुढे त्या मंडळींशी गाठ पडली तेव्हा ते दबले नाहीत, याचं बीज मला माँट्रियलमध्ये दिसतं.

१८७७ मध्ये त्यांची बदली हिंदुस्थानात झाली. इथे आल्या आल्या लष्करी घोड्यांतल्या काळपुळीच्या साथीवर त्यांनी काम केलं, रक्त काचपट्टीवर घेऊन बघितलं. ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काळपुळीचा जंतू आणि रोग यांचं नातं रॉबर्ट कॉख यांनी जर्मनीत दाखवून दिलं ते १८७६ मध्ये, म्हणजे अवघ्या वर्षापूर्वी. क्षयाचा जंतू अजून सापडायचा होता. हिवतापाचा जंतू लाव्हेराँ यांना अल्जीरियात दिसला तो १८८०च्या नोव्हेंबरात. जंतूंमुळे रोग होतात हे आज शाळकरी पोरालाही माहीत असतं. तेव्हा ते वादाचं होतं, आणि शहाण्यासुरत्या माणसांनीही त्याबद्दल सबुरीने बोलावं अशी अपेक्षा होती.

१८८० मध्ये इव्हान्स यांना सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खानला धाडण्यात आलं. पंजाबची ही सरहद्द, आज पाकिस्तानात. शेजारी अफगाणिस्तानातलं युद्ध चाललेलं, घोडे आणि उंट म्हणजे लष्कराचे पाय, आणि ते सर्राने पटापट मरत होते. इव्हान्स यांनी आजारी घोड्यांचं रक्त तपासलं, उंटांचं तपासलं. सगळीकडे तोच जीव.

काय दिसलं असेल, याची कल्पना आजही कुणाला करता येईल. घोड्याच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, रंग न देता काचेवर ठेवायचं, वरून पातळ काच अलगद सोडायची. घोड्याच्या रक्ताची एक खोड आहे: त्यातल्या लाल पेशी एकमेकींना पाठीपोट चिकटून लांब चळती करतात. नजर आधी त्या चळतींवरच जाते. सगळं निश्चल, पिवळसर. मग एका कोपऱ्यात एक चळत हलते. वारा नाही, धक्का नाही, तरी पेशी ढुशी बसल्यासारख्या बाजूला होतात आणि पुन्हा जागेवर येतात. जंतू अजून दिसलेलाच नसतो, दिसते ती त्याने केलेली खळबळ. तिथे नजर रोखून, भिंग जरा वरखाली करून बघितलं की मग तो दिसतो: पारदर्शक, निमुळता, लाल पेशीच्या चौपट-पाचपट लांब, अंगभर लहर उठवत पेशींमधून वाट काढणारा. लांबी सरासरी मिलिमीटरचा चाळिसावा भाग. अंगाच्या एका कडेने झालरीसारखं पातळ पटल जातं, आणि त्या पटलाची कड पुढे एका धाग्यात निघते. थेंबात असे एकदोन असतील तर शोधावे लागतात. ताप चढलेला असेल तेव्हा थेंब नुसता वळवळत असतो.

नाट्यशास्त्रकार भरताच्या हिशेबाने हा बीभत्स रसाचा प्रांत. रक्त, सूज, जिवंत जनावराच्या आत वळवळणारं भलतंच काही. पण काचेवर डोळा लावलेल्या माणसाला जुगुप्सा वाटल्याची मला शंकाच आहे. तिथे विस्मय असतो, आणि विस्मयाचा रस अद्भुत. इव्हान्स यांच्या सगळ्या लिखाणाला अद्भुताचा हा अंतःस्वर आहे, आणि त्यांनी तो कटाक्षाने आवरून धरला आहे. सरकारी अहवालात उद्गारचिन्हाला जागा नसते.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा नव्हता, हे आधी सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकं प्रतिपक्षाला मूर्ख ठरवून मोकळी होतात आणि मग जिंकणाऱ्याच्या जिंकण्यात काही राम उरत नाही. कलकत्त्याला टिमथी लुईस होते. माणसाच्या रक्तात फिरणारे हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी १८७२ मध्ये त्यांनी दाखवले होते. रक्ताच्या थेंबात काय काय असू शकतं हे हिंदुस्थानात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. याच लुईसना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या उंदरांच्या रक्तात हुबेहूब असाच वळवळणारा जीव सापडला होता. आणि ते उंदीर ठणठणीत होते. खात होते, पळत होते, वंश वाढवत होते. मग इव्हान्स सरहद्दीवरून कळवतात की असाच जीव आजारी घोड्यांत आहे, तर लुईस यांच्या मताच्या माणसाने काय म्हणावं? असेल. रक्तात असे पाहुणे असतात. घोडा आजारी आहे, त्याच्या रक्तात जीव आहे, दोन्ही खरं. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याला दोष देता येत नाही.

आपल्याकडे शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय असं नावच देऊन ठेवलं आहे, आणि हा आक्षेप खोडणं अवघड असतं, कारण तो अगदी रास्त असतो. आणखी शंभर आजारी घोडे तपासून शंभरांतही जीव दाखवला तरी काही सिद्ध होत नाही. शंभर फांद्या, शंभर कावळे. उलट असंही म्हणता येतं की घोडा आजाराने खंगला म्हणून त्याच्या रक्तात हे बांडगूळ फोफावलं. म्हणजे जंतूमुळे रोग नाही, रोगामुळे जंतू. वरिष्ठांनी इव्हान्स यांचं म्हणणं मानलं नाही, ते या मुद्द्याच्या आधारावर.

उत्तर एकच: निरोगी फांदीवर कावळा आणून बसवायचा आणि बघत राहायचं.

इव्हान्स यांनी तेच केलं. सर्रा झालेल्या जनावराचं रक्त घेऊन निरोगी घोड्यांना आणि कुत्र्यांना दिलं. टोचलेल्या जनावराचं रक्त आधी स्वच्छ. मग त्यात तोच जीव दिसू लागतो आणि वाढतो. आणि मग जनावर तसंच आजारी पडतं. या क्रमाकडे बारकाईने बघावं, सगळी गोम त्यात आहे. रोगामुळे जंतू, असं म्हणणाऱ्याचं तोंड इथे बंद होतं, कारण ज्याच्यात जंतू सोडला ते जनावर आजारी नव्हतंच. आणि घोड्याबरोबर कुत्रा घेणं यात तर मला इव्हान्स यांची खास नजर दिसते. कुत्रा वेगळ्या जातीचा, वेगळं खाणारा, वेगळ्या सवयींचा. चंदी, चारा, तबेल्यातली ओल, सरहद्दीची हवा, जे जे घोड्याच्या बाबतीत कारण म्हणून पुढे करता आलं असतं त्यातलं बहुतेक कुत्र्यापाशी गळून पडतं. उरतं ते टोचलेलं रक्त. लुईस यांच्या उंदरांचंही उत्तर त्यातूनच निघतं: एका जनावरात जो सुखाने नांदतो तो दुसऱ्यात जीवघेणा ठरू शकतो, निवाडा प्रत्येक यजमानापाशी वेगळा करावा लागतो. (उंदरांतला जीव वेगळ्या जातीचा निघाला. त्याला पुढे लुईस यांचंच नाव मिळालं.)

या प्रयोगात एक धडधाकट सरकारी घोडा हेतुपुरस्सर मारावा लागतो, हे विसरून चालणार नाही. ज्याने आयुष्य घोडे वाचवण्यात घालवलं त्याने तो मारला. लिखाणात याबद्दल हळहळ कुठे सांडलेली नाही, आणि ती सांडलेली नाही म्हणूनच मला ती जाणवते. पण हा कदाचित माझ्या वाचनाचा दोष असेल.

उणीव काढायची तर ती मोठी आहे. इव्हान्स यांनी टोचलं ते रक्त. रक्तात त्यांचा जीव होता, तसं आणखीही काय काय होतं. हट्टी प्रतिपक्षी म्हणू शकला असता: रोग पसरतो हे मान्य, तो रक्तातून पसरतो हेही मान्य, पण रक्तातल्या कशामुळे? जंतू वेगळा काढायचा, बाहेर वाढवायचा, शुद्ध करून टोचायचा आणि मग निकाल बघायचा, ही शिस्त कॉख आणि त्यांचे सहकारी पुढच्या चार-पाच वर्षांत घालून देणार होते, आणि या जातीच्या जीवाला काचेत वाढवणं कुणाला जमायला आणखी वीसेक वर्षं लागली. डेरा इस्माईल खानच्या छावणीत ते शक्य नव्हतं. म्हणजे कावळा बसवला खरा, पण त्याच्याबरोबर आणखी चार पाखरं होती.

इव्हान्स यांना हे कळत होतं. पंजाब सरकारला दिलेल्या अहवालानंतर १८८१ मध्ये लंडनच्या 'व्हेटरिनरी जर्नल'मध्ये त्यांचा लेख क्रमशः छापून आला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा की हिंदुस्थानात सर्रा म्हणून ओळखला जाणारा घोड्यांचा रोग 'बहुधा' रक्तातल्या एका जीवामुळे होतो. वरिष्ठांनी झिडकारलेला, खात्री पटलेला, पुरावा हातात असलेला माणूस शीर्षकातच 'बहुधा' लिहितो. दुसरा कुणी ईर्ष्येने 'निश्चित' लिहून बसला असता. पुरावा जिथवर जातो तिथवर जाऊन थांबायचं, हा त्यांचा संयम मला त्यांच्या धाडसाइतकाच आवडतो. इतर काही नाही तरी एवढ्यासाठी हा लेख संशोधनाच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावावा. हल्लीच्या प्रबंधांत 'बहुधा' शोधून सापडत नाही.

आणखी एक बारीक नोंद. तिथले लोक या रोगाचं खापर एका मोठ्या चावऱ्या माशीवर फोडत. इव्हान्स यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, टिपून ठेवलं. गोऱ्या अधिकाऱ्याने सलोत्र्यांचं आणि उंटवाल्यांचं म्हणणं कागदावर घ्यावं, ही तेव्हाची रीत नव्हती. ती माशी पुढे येईल.

मधल्या काळात गोष्ट मुंबईत येते. जॉन हेन्री स्टील हे दुसरे लष्करी पशुवैद्य १८८५ मध्ये ब्रह्मदेशात सामान वाहणाऱ्या खेचरांचा रोग तपासायला गेले. त्यांनाही रक्तात तो जीव दिसला. ताप येतो, जातो, परत येतो; माणसांत असाच उलटून येणारा एक ताप असतो आणि त्याचा जंतू मळसूत्रासारखा; स्टील यांनी दोन्हीची सांगड घातली आणि खेचरांचा जीवही त्याच कुळातला मानून त्याचं नाव ठेवलं स्पायरोकीटा इव्हान्साय. कुळ साफ चुकलं. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये बाल्बियानी यांनी ते दुरुस्त करून त्याला ट्रिपॅनोसोमांत बसवलं, आणि आजही तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय याच नावाने ओळखला जातो. पण नावातला उत्तरार्ध स्टील यांचा. वरिष्ठांनी ज्याचं ऐकलं नाही त्याचं नाव एका सहव्यवसायीने त्या जीवावर कायमचं कोरलं, आणि तेही स्वतः वाट चुकलेला असताना. हेच स्टील १८८६ मध्ये परळला निघालेल्या बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेजचे पहिले प्राचार्य. १८९१ मध्ये ते ऐन उमेदीत गेले. परळहून बाहेर पडलेल्या पशुवैद्यांच्या पिढ्या त्यांच्या या वारशाच्या आहेत, बहुतेकांना याची कल्पना नसली तरी.

पुण्याचाही यात वाटा आहे. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी हिंदुस्थान सरकारची पहिली प्रयोगशाळा डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, सुरू झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर वर्षानुवर्षं खपून जाडजूड अहवाल छापले. सोमल देऊन रक्तातले जंतू हटवता येतात हे त्यांनी करून पाहिलं, आणि ते काम खरंच पुढचं होतं. पण रोग पसरतो कसा, या प्रश्नावर ते साचलेलं पाणी, बुडीत जमिनीवरचं गवत आणि उंदीर-घुशी यांच्यामागे लागले. मला लिंगार्ड वाचताना नेहमी थकवा येतो. मेहनत अफाट, नोंदी काटेकोर, आणि तरी त्यांच्याकडे इव्हान्ससारखा कुत्रा नाही. सगळी कारणं एका फटक्यात बाजूला सारणारा तो एक प्रयोग त्यांच्या हातून होत नाही.

तो केला लेनर्ड रॉजर्स यांनी, मुक्तेश्वरलाच. १९०१ मध्ये त्यांनी छापलं ते असं: गोमाशीला आजारी जनावराचं रक्त पिऊ द्यायचं, मधेच उठवायचं आणि लगेच निरोगी जनावरावर बसवायचं, तर रोग लागतो. तीच माशी दिवसभर ठेवून मग बसवली तर लागत नाही. प्रयोग एवढाच, पण अर्थ भरपूर. माशीच्या पोटात जंतू वाढत नाही, पिकत नाही, रूप बदलत नाही. तिच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं, ते ओलं असेतोवर जंतू जिवंत, सुकलं की संपलं. गोमाशीची मादी चावते म्हणजे अक्षरशः कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. ते इतकं दुखतं की घोडा कातडी थरथरवतो, शेपूट मारतो, पाय आपटतो. माशी उठते आणि अर्धपोटी शेजारच्या घोड्यावर जाते. म्हणजे रोग पसरतो तो घोड्याच्या त्या झटक्यामुळे. निमूट चावून घेतलं असतं तर माशी एकाच घोड्यावर पोट भरून उडून गेली असती. पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्रा का बळावतो, एका पागेत एक घोडा आजारी पडला की शेजारचे का पडतात, याचा उलगडा इथे होतो. सरहद्दीवरचे लोक माशीकडे बोट दाखवत होते, ते वीस वर्षांनी खरं ठरलं.

ताप येतो-जातो त्याचं कोडं उलगडायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या जंतूच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचं दाट आवरण असतं. घोड्याचं शरीर ते ओळखायला शिकतं, त्यावर प्रतिपिंडं तयार करतं, जंतू लाखांनी मरतात, ताप उतरतो. पण मोजक्या जंतूंनी तोवर आवरण बदललेलं असतं. ते वाचतात, वाढतात, ताप चढतो. शरीर नवं आवरण शिकतं, तोवर तिसरं. अशा आवरणांची हजाराहून अधिक जनुकं या कुळाच्या संग्रहात आहेत. घोडा हरतो तो या शिकण्याच्या शर्यतीत दमून. सर्रावर लस नाही, त्याचंही कारण हेच. औषधं आहेत: सोमलानंतर सुरामिन आलं, मग क्विनापायरामिन, जे आपल्याकडे अजूनही टोचतात.

आणि मूळ गाव? हा जंतू आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीपासून निघाला. ब्रुसीला वाढायला त्सेत्से माशी लागते, आणि त्सेत्से आफ्रिकेतल्या ठरावीक पट्ट्याबाहेर जगत नाही. प्रत्येक ट्रिपॅनोसोमाच्या अंगात एका टोकाला डीएनएची एक गुंडी असते, त्यातल्या मोठ्या कड्या त्सेत्सेच्या पोटात तग धरायला लागतात. इव्हान्सायने त्या कड्या गमावल्या. त्सेत्सेच्या पोटात वाढण्याची वाट कायमची बंद झाली, पण तिची गरजही संपली. मग उंटांच्या तांड्यांबरोबर तो वाळवंट ओलांडून अरबस्तान, इराण, हिंदुस्थान करत पूर्वेला इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंत आणि पश्चिमेला दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला. तिथे तर रक्त पिणारी वटवाघळंही त्याला वाहून नेतात. हाताशी असलेलं टाकून दिलं म्हणून जग मोकळं झालं, असा हा मामला. कुणी यातून तत्त्वज्ञान काढू लागला तर मी उठून जाईन.

इव्हान्स १८९० मध्ये निवृत्त होऊन वेल्समध्ये बँगोरला राहिले. तिथल्या कॉलेजात जनावरांच्या आरोग्यावर व्याख्यानं देत. डेव्हिड ब्रूस यांनी १८९०च्या दशकात झुलूलँडमध्ये गुरांच्या नागाना रोगात ब्रुसी शोधला, मग माणसांच्या निद्रारोगातही ट्रिपॅनोसोमा निघाला, आणि या सगळ्या मालिकेचं पहिलं पान कुठलं हे शोधताना लोकांना डेरा इस्माईल खानचा अहवाल पुन्हा आठवला. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेने १९१७ मध्ये त्यांना मेरी किंग्स्ली पदक दिलं. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. ते शंभरी ओलांडून १९३५च्या डिसेंबरात वारले, म्हणजे लुईस, स्टील, लिंगार्ड या सगळ्यांच्या मागे राहिले. आपलं म्हणणं खरं ठरलेलं बघायला इतकी सवड फार थोड्यांना मिळते.

तरी कुठल्या यजमानाला हा रोग होतो, हा प्रश्न मिटला नाही. माणसाला सर्रा होत नाही, अशी सार्वत्रिक समजूत होती आणि तिला आधार होता: माणसाच्या रक्तद्रवात हे जंतू मरतात, हे लाव्हेराँ यांनी १९०२ मध्येच दाखवलं होतं. ते मारणारं प्रथिन पुढे ओळखलं गेलं, एपीओएल-१. आणि मग २००४च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी महिनोन्महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण होऊन आला. नागपूरच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला. माणसातला सर्राचा भारतातला हा पहिला पक्का नोंदलेला रुग्ण. सुरामिन देऊन तो बरा झाला. त्याच्या रक्तात एपीओएल-१ नव्हतंच, आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत बिघाड होता.

मग त्याच्या गावातल्या १८००हून अधिक लोकांची तपासणी झाली. थेंबभर रक्तावर केलेल्या पहिल्या चाचणीत जवळजवळ २३ टक्के लोकांत या जंतूला ओळखणारी प्रतिपिंडं दिसली, रक्तद्रवावर पुन्हा तपासल्यावर ८१ जण उरले. ज्यांच्यात प्रतिपिंडं सर्वांत जास्त अशा ६० जणांचं रक्त बारकाईने बघितलं. एकातही जंतू निघाला नाही. गुरं आणि गोमाशा सगळ्यांच्या अवतीभोवती, पण रोग झाला तो एकट्याला. लुईस असते तर त्यांनी या आकड्यांवर बोट ठेवलं असतं, आणि ठेवायला हवंच होतं: रक्ताने जंतूची ओळख दाखवली म्हणजे माणूस आजारी आहे असं नाही.

त्या शेतकऱ्यामुळे उत्तर नीटनेटकं झालं होतं: एपीओएल-१ आहे तर सर्रा नाही. पण २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका स्त्रीच्या रक्तात हाच जंतू सापडला. तिचं एपीओएल-१ तपासलं, ते शाबूत निघालं. गोमांस कापताना हाताला झालेल्या जखमेतून जंतू शिरला असावा, असा तिथल्या डॉक्टरांचा कयास आहे, आणि त्यांनी तो कयास म्हणूनच लिहून ठेवला आहे.